शुक्रवारचं विमान, बुधवारची घाई: कोल्हापुरातून एअर शिपमेंटच्या मुदती सांभाळताना

कोल्हापुरात एक्स्पोर्ट डिपार्टमेंटला नव्यानं लागलेल्याला पहिल्यांदा सवय लागते ती समुद्राची. कंटेनर भरायचा, न्हावा शेव्याला धाडायचा, अर्धा दिवस इकडंतिकडं झालं तरी गेट कट-ऑफमध्ये (बंदराचं गेट बंद व्हायच्या वेळेआधी) बसवून घ्यायचं. मग एक दिवस साहेब सांगतात, "हे चार बॉक्स एअरनं जाणार." इथून पुढं हिशेब दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो. हा लेख त्या तासांचा हिशेब ठेवण्याबद्दल आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचं विमान सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गो टर्मिनलवर, क्वचितच चुकतं. ते बहुतेक वेळा शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीतच, चुकलेलं असतं, सहारला फक्त ते कळतं. उजळाईवाडीच्या विमानतळावरून प्रवासी जातात, पण आपल्या मालाचं परदेशी विमान बहुधा मुंबईच्या सहार कार्गोतूनच सुटतं. म्हणजे विमान आणि आपल्यामध्ये पावणेचारशे-चारशे किलोमीटरचा रस्ता, दोन घाट आणि पाच-सहा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. एअरलाइनच्या साइटवर एअरवे बिल (विमानानं जाणाऱ्या मालाची पावती) नंबर टाकून बसलात, तर तुम्ही शेवटचा टप्पा तेवढा बघताय.

आधी विचारा: हे एअरनं का चाललंय?

वजनदार कास्टिंग हौसेनं कोणी विमानानं पाठवत नाही. समुद्राची तारीख चुकलेली असते, ग्राहकाची लाइन थांबायला आलेली असते, किंवा नवीन पार्टची सॅम्पल्स मागवलेली असतात. कोल्हापुरी चपलांची गोष्ट वेगळी, तिथं सीझनच्या आधी दुकानात माल पोचवायचा म्हणून एअर घेतात. फाउंड्रीची एअर शिपमेंट मात्र बऱ्याचदा उशिराच जन्माला येते. त्यामुळं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी मेलवर लिहून घ्या: भाडं कोण भरणार आणि आपली जबाबदारी कुठं संपणार.

ही दुसरी गोष्ट म्हणजे डिलिव्हरी टर्म. एफसीए मुंबई विमानतळ असेल तर ग्राहकाच्या फॉरवर्डरच्या (माल वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या) ताब्यात माल दिला की आपलं घड्याळ थांबतं. डीएपी असेल तर ते ग्राहकाच्या दारापर्यंत चालू राहतं. सीआयपीमध्ये भाडं आणि विमा आपल्या खिशातून जातो, पण जोखीम पहिल्या वाहतूकदाराकडे माल दिल्यावरच सरकते. घड्याळ कुठं थांबतं हे ठरल्याशिवाय 'वेळेवर गेलं' या वाक्याला अर्थ नाही, कारण ग्राहक एक वेळ मोजत असतो आणि आपण दुसरीच.

विमानाची वेळ नीट वाचा

नवीन माणूस हमखास अडकतो ती ही जागा. युरोप-आखातातली बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. बुकिंगवर 'शुक्रवार 03:10' दिसलं की मनात येतं, शुक्रवारी आहे, गुरुवारी संध्याकाळी गाडी सोडू. पण शुक्रवार 03:10 म्हणजे गुरुवारची रात्र, आणि गुरुवारी संध्याकाळी माल कोल्हापुरात असेल तर खेळ संपला. म्हणून शीटमध्ये नेहमी 'शुक्र 03:10 (गुरुवारची रात्र)' असं लिहा. 24 तासांचंच घड्याळ वापरा. 'रात्री 12' हा शब्द तर शीटमधून हद्दपारच करा, त्याचा अर्थ दोन माणसं दोन घेतात.

आणखी एक बारकावा. काही सिस्टिम जागतिक वेळ दाखवतात, जी आपल्या साडेपाच तास मागं असते. त्या वेळेत हेच विमान 'गुरुवार 21:40' ला सुटलेलं दिसेल. बॉसनं विचारायच्या आधी तुम्हाला हे माहीत असावं.

विमान सुटायची वेळ ही तुमची मुदत नव्हेच. मुदत म्हणजे एअरलाइनची शेवटची स्वीकृतीची वेळ, जिला फॉरवर्डर 'एलएटी' किंवा नुसतं 'कट-ऑफ' म्हणतात. ती एअरलाइननुसार आणि मालानुसार बदलते, म्हणून अंदाजानं धरू नका, बुकिंग कन्फर्मेशनवर लेखी मागा. फॉरवर्डर तुमचा माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकत्र बांधणार असेल तर त्याचं स्वतःचं कट-ऑफ एअरलाइनच्याही आधी असतं. दोन्ही वेळा विचारा आणि आधीची असेल ती धरा.

मागून पुढं मोजा

समजा फ्रँकफर्टसाठी पंप कास्टिंगचे चार लाकडी बॉक्स आहेत. उलटा हिशेब असा बसतो:

शुक्र 03:10 – विमान
गुरु 21:00 – एअरलाइनची शेवटची स्वीकृती
गुरु 16:00 – कस्टम्सचं एलईओ (निर्यातीची परवानगी), त्यानंतर एक्स-रे
गुरु 10:00 – माल टर्मिनलच्या आत
गुरु 05:00 – गाडी सहारला
बुध 17:00 – गाडी कोल्हापुरातून बाहेर
बुध 15:00 – लोडिंग सुरू, ई-वे बिल (माल रस्त्यानं न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद)
बुध 13:00 – शिपिंग बिलाची (कस्टम्सकडच्या निर्यात अर्जाची) चेकलिस्ट मंजूर
बुध 11:00 – पॅकिंग पूर्ण, अंतिम वजन-मापं सीएचएकडे (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडे)
मंगळ 18:00 – अंतिम तपासणी पास
मंगळ 12:00 – बुकिंग कन्फर्म

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या एअरलाइनचे आणि सीएचएचे वेगळे असतील. रस्त्याला मी बारा तास धरलेत. गाडी आठ-नऊ तासांत पोचू शकते, पण कागल-सातारा पट्ट्यातलं सहापदरीकरणाचं काम, खंबाटकी, पुण्याची बगल आणि खंडाळा यांतलं एक तरी काहीतरी दाखवतंच. शिवाय मुंबईत गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. सकाळी साडेसहाला वेशीवर पोचलेली गाडी आणि साडेआठला पोचलेली गाडी यांच्यात कागदावर दोन तासांचा फरक असतो, प्रत्यक्षात अर्ध्या दिवसाचा होऊ शकतो.

सगळीकडे थोडं थोडं जास्तीचं धरू नका. मोकळा वेळ दोनच ठिकाणी ठेवा: रस्त्यावर आणि एलईओच्या आधी. बाकी टप्पे घट्ट असू द्या. पॅकिंगला चार तास जास्त दिले तर पॅकिंग चार तास जास्त खातं, हे शॉप फ्लोअरवर कुणीही सांगेल.

शीट

सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नसेल तर एक्सेल पुरतं. प्रत्येक टप्प्याला एक ओळ द्या आणि त्या ओळीत ठरलेली वेळ, सुधारित वेळ, प्रत्यक्ष वेळ, कोणाकडे, पुरावा आणि उशीर असेल तर कारण, एवढं हवं.

यातला एकच नियम मी हट्टानं पाळायला लावतो: ठरलेली वेळ बुकिंग कन्फर्म झाल्यावर गोठवायची. पुढं काहीही बदललं तरी तिच्यावर दुसरी वेळ लिहायची नाही, ती 'सुधारित'मध्ये जाते. पॅकिंग चार तास लांबलं की जुनी वेळ पुसून नवी घातली जाते, मग गाडीची, मग विमानाची, आणि महिनाअखेरीस सगळ्या शिपमेंट हिरव्यागार दिसतात. ग्राहक मात्र ओरडत असतो. विमान बदललं तरी जुनं विमान शीटमध्ये राहू द्या, खाली नवीन जोडा.

'कोणाकडे' या कॉलममध्ये डिपार्टमेंट नको, माणूस लिहा. 'क्वालिटी' असं लिहिलेल्या ओळीला कुणीच धनी नसतो. पाटील सरांची सही हवी असेल तर 'पाटील सर' लिहा, आणि ते रजेवर असतील तर सही कोण करणार तेही. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सगळ्यांची एकाच वारी असते असंही धरू नका. तुमची, पॅकिंगवाल्याची आणि ट्रान्सपोर्टरची वेगवेगळ्या दिवशी निघते.

पुरावा म्हणजे फोनवरचं 'झालं साहेब' नव्हे. पॅकिंग झाल्याचा फोटो, गेट पासवरची वेळ, एलआर (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती), शिपिंग बिलाचा नंबर, एलईओची वेळ, एअरलाइनचा स्टेटस. प्रत्येक टप्प्याला असं काहीतरी कागदावर किंवा स्क्रीनवर सापडतं.

वजन, मापं, लाकूड

बुकिंगला दिलेलं वजन आणि टर्मिनलवर भरलेलं वजन जुळलं नाही की एअरवे बिल दुरुस्त होतं आणि त्यात कट-ऑफ निघून जाऊ शकतं. हिशेब सोपा आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 6000 नं भागायचं, येतं ते व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि प्रत्यक्ष वजन यांतलं जे जास्त त्यावर भाडं. 80×60×50 च्या बॉक्सचं व्हॉल्युमेट्रिक 40 किलो येतं, पण आत 160 किलो कास्टिंग असेल तर भाडं 160 वर. चपलांचा 60×40×40 चा कार्टन काट्यावर 11 किलो भरला तरी भाडं 16 किलोचं. मापं बाहेरून घ्या, खालच्या पट्ट्यांसकट. फोर्कलिफ्टचे दात शिरायला त्या पट्ट्या हव्यातच. प्रवासी विमानाच्या पोटात साधारण 160 सेंटीमीटरपेक्षा उंच पेटी जात नाही, तेव्हा पेटी उंच करण्याआधी फॉरवर्डरला विचारा.

लाकडी पेटीवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा, शिक्का हवा. गाडी भरण्याआधी प्रत्येक पेटीच्या शिक्क्याचा फोटो काढा. शिक्का आतल्या बाजूला असेल किंवा लेबलखाली झाकला असेल तर तो नसल्यातच जमा. कास्टिंगला लावलेलं गंजरोधक तेल पेटीतून ठिबकत नाही ना, तेही बघा. ओली पेटी दिसली की टर्मिनलवाले बाजूला काढतात आणि मग तुम्ही कोल्हापुरातून फोनवर समजावत बसता.

कागद मालाच्या पुढं पळाले पाहिजेत

इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट गाडीबरोबर पाठवायची हा समुद्रमार्गाचा आरामशीर शिरस्ता इथं चालत नाही. गाडी खंबाटकी चढत असताना शिपिंग बिल नंबर पडलेला असावा. सीएचए चेकलिस्ट पाठवतो तेव्हा तिला नुसतं 'ओके' लिहू नका. इनव्हॉइस नंबर, रक्कम, चलन, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्स नंबर), नग, वजन, एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) की आयजीएसटी (आधी भरून नंतर परत मिळणारा कर) भरून, एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा नंबर), ड्रॉबॅक आणि रोडटेप या परतावा योजनांचा दावा, एवढं बोट ठेवून वाचा. दहा मिनिटं लागतात. नंतरच्या दुरुस्तीला किती लागतील ते तुमच्या हातात नसतं.

युरोपसाठी आणखी एक गाठ आहे. आयसीएस2 या आगाऊ माहितीच्या व्यवस्थेनुसार 1 मार्च 2023 पासून हवाई मालाची हाऊस पातळीवरची (प्रत्येक निर्यातदाराच्या मालाची वेगळी) माहिती विमानात माल चढण्याआधी युरोपियन कस्टम्सकडे जावी लागते, आणि पूर्ण माहितीत सहा आकडी एचएस कोडही लागतो. वर्णनात नुसतं 'पार्ट्स' लिहिलं तर शंका येते आणि उत्तर मिळेपर्यंत माल जमिनीवर राहतो. 'सेंट्रिफ्यूगल पंपाचं कास्ट आयर्न केसिंग' असं लिहा. अमेरिकेला एसीएएस म्हणून अशीच व्यवस्था 2018 पासून सक्तीची आहे. शीटमध्ये यासाठी वेगळी ओळ ठेवा, ती फॉरवर्डरच्या नावावर.

ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी चालते. मुंबईला दोन दिवस मिळतात. मुदत पार्ट-बी (गाडीचा तपशील) भरल्यापासून सुरू होते, म्हणून सोमवारी इनव्हॉइस झालं की लगेच गाडी नंबरसकट भरून मोकळं व्हायचा मोह आवरा. मुदत संपण्याआधी आणि नंतरच्या आठ-आठ तासांत वाढवता येते, पण ते रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या फोनमुळं कळू नये.

रस्त्यावर

ड्रायव्हरला दर तासाला फोन केला तर तो उचलायचाच बंद होतो. दोन-तीन ठिकाणं ठरवा: तासवडे आणि खेड शिवापूर हे टोलनाके, मग द्रुतगती मार्ग उतरल्यावर. "मामा, तासवडे सुटला का?" याला "सुटलो की, आता चहाला थांबलोय" असं उत्तर आलं तर चहा तासवड्याच्या अलीकडं चाललाय की पलीकडं, हे ओळखायची सोय आहे. फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज गाडीमालकाला येतो, त्यात टोलनाका आणि वेळ दोन्ही असतात. ट्रान्सपोर्टरशी आधीच बोलून ते मेसेज पुढं पाठवायला सांगा. पुराव्याचा कॉलम आपोआप भरतो.

पावसाळ्यात शीटच्या वरच्या कोपऱ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहा. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ वाहतूक दिवसेंदिवस बंद राहिली. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या मालाला मुंबईकडं जायला पंचगंगा ओलांडावीच लागते; शिरोलीचा माल आधीच नदीच्या पलीकडं असतो. बंगळूरूहून पाठवू म्हणाल तर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा आडवी येते. म्हणून पातळी 39 ला पोचायची वाट बघू नका. पाणी चढत असेल तर गाडी एक दिवस आधी काढा आणि माल मुंबईत फॉरवर्डरच्या गोदामात ठेवा. एक-दोन रात्रींचं गोदामभाडं साहेबांना जड वाटेल, पण सुटलेल्या विमानाच्या तुलनेत ते किरकोळ असतं.

स्टेटसमध्ये काय दिसतं आणि काय नाही

एअरवे बिल नंबर अकरा आकड्यांचा असतो. पहिले तीन एअरलाइनचे: 098 एअर इंडिया, 176 एमिरेट्स, 157 कतार, 020 लुफ्तान्सा. उरलेल्या आठांतला शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या सात आकड्यांच्या संख्येला 7 नं भागून बाकी उरते तोच आठवा. 1234567 ला भागलं तर बाकी 5, म्हणजे 12345675. फोनवर घेतलेला नंबर चुकलाय का हे यावरून लगेच कळतं.

बीकेडी म्हणजे बुकिंग. आरसीएस म्हणजे एअरलाइननं माल आणि कागद पाठवण्याजोगे म्हणून स्वीकारले. आपल्या दृष्टीनं हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. कट-ऑफची तुलना याच वेळेशी करा, गाडी गेटवर पोचल्याच्या वेळेशी नको. पुढं एमएएन म्हणजे मॅनिफेस्टवर चढला, डीईपी म्हणजे निघाला, आरसीएफ म्हणजे विमानातून उतरवून घेतला, एनएफडी म्हणजे घेणाऱ्याला कळवलं, डीएलव्ही म्हणजे ताब्यात दिला.

डीईपी दिसलं की पेढे वाटू नका. शेजारी नगांचा आकडा वाचा. चार बॉक्सचं बुकिंग आणि डीईपीसमोर तीन नग असतील तर चौथा मुंबईतच आहे. दुबई किंवा दोह्याला विमान बदलत असेल तर तिथंही आरसीएफ आणि पुढचं डीईपी दोन्ही नगांसकट जुळवा. माल ऑफलोड झाला (विमानात न जाता मागं राहिला) असेल तर पुढच्या विमानाचा नंबर आणि तारीख लेखी घ्या. 'नेक्स्ट अव्हेलेबल' हे उत्तर स्वीकारू नका. आणि ग्राहकाला त्याच्या तिकडून कळायच्या आत तुम्ही कळवा.

विमान गेल्यावर

ग्राहकाला प्री-अलर्ट (माल निघाल्याचा मेल) त्याच दिवशी. त्यानंतरच्या मुदती कोणी ओरडत नाही म्हणून विसरल्या जातात, पण कंपनीचा पैसा त्यांच्यात अडकतो. आयजीएसटी भरून माल पाठवला असेल तर परतावा एअरलाइनच्या ईजीएमवर (नेलेल्या मालाची कस्टम्सला दिलेली यादी) आणि तुमच्या जीएसटीआर-1, 3बी या रिटर्नवर अवलंबून असतो. शिपिंग बिल नंबर, तारीख आणि पोर्ट कोड तिन्ही जुळायला हवेत. कोल्हापुरातल्या अकाउंट्सवाल्यांची बोटं न्हावा शेव्याच्या आयएनएनएसए1 ला सरावलेली असतात. सहार एअर कार्गोचा कोड आयएनबीओएम4 आहे. मासिक जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जातं, म्हणून 5 तारखेच्या आसपास अकाउंट्सच्या टेबलावर जाऊन हा एक रकाना स्वतः बघून या. एलयूटीवर पाठवला असेल तर इनव्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा. एअरला हे सहसा अडत नाही, पण इनव्हॉइस करून माल पडून राहिला तर अडतं.

महिनाअखेरीस उशिराची कारणं मोजा, आणि 'ट्रॅफिक' हे कारण मान्य करू नका. गाडी दोन तास उशिरा सुटली आणि म्हणून गर्दीच्या बंदीत सापडली, तर कारण लोडिंग आहे. कस्टम्सनं क्वेरी काढली ती वर्णन अपुरं होतं म्हणून, तर कारण आपली इनव्हॉइस आहे. उशीर पहिल्यांदा ज्या टप्प्यावर झाला त्याच्याच नावावर तो टाका. या बैठकीत पहिल्यांदा थोडी भांडणं होतात, होऊ द्या.

खरोखरच एअरलाइनच्या हातून उशीर किंवा नुकसान झालं असेल तर विमान वाहतुकीच्या मॉन्ट्रियल कराराच्या मुदती लागू होतात: नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत, दोन्ही लेखी. भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून किलोला 26 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आणि दावा कोर्टात न्यायला दोन वर्षं मिळतात. फोनवरची तक्रार यात धरत नाहीत. माल ग्राहकाच्या ताब्यात असतो, त्यामुळं त्यालाच पेटी उघडण्याआधी फोटो काढून डिलिव्हरीच्या पावतीवर शेरा मारायला सांगावं लागतं. हे त्याला प्री-अलर्टच्या मेलमध्येच लिहा, आणि शीटमध्ये डीएलव्हीच्या खाली 14 व 21 दिवसांच्या दोन तारखा टाकून ठेवा.